फ्रीस्टाईल सुधारायची? मग हात सगळ्यात शेवटी

कोल्हापुरात पोहता येत नाही असा माणूस शोधावा लागतो. गावाकडची विहीर नाहीतर पंचगंगेचा घाट, पाठीला डबा बांधून कुठल्यातरी मामानं ढकलून दिलेलं असतं, दोन-चार घोट पाणी पोटात गेलेलं असतं आणि सुट्टी संपेपर्यंत पोरगं काठावरून मुटके मारायला लागलेलं असतं. त्यामुळं माझ्या सकाळच्या मोठ्यांच्या बॅचला पाण्याला घाबरणारे फार कमी येतात. येणाऱ्यांची तक्रार वेगळीच असते. "मॅडम, पवायला येतंय वो, पण एक लांबी मारली की छाती फुटायची वेळ येती. जरा हात बघा की, काय चुकतंय."

हात मी बघते, पण त्याबद्दल पहिले काही आठवडे चकार शब्द काढत नाही. माझा क्रम ठरलेला आहे: आधी श्वास, मग डोकं, मग पाय, मग अंग फिरवणं, आणि हात सगळ्यात शेवटी. लोकांना हे पटत नाही. फ्रीस्टाईल म्हणजे हात मारणं, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. पण ज्याचा दम कोंडलाय आणि ज्याचे पाय बुडतायत, तो माणूस पुढं टाकलेला हात पाणी मागं ढकलायला वापरतच नाही. तो त्या हातानं पाणी खाली दाबतो, तोंड वर काढायला. त्याला कोपर असं ठेव, मनगट तसं ठेव म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो. जोवर तरंगायला हात लागतोय, तोवर तो हात पुढं जायच्या कामाचा नाही.

दुसरं कारण पाण्याचं. पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट दाट. आणि वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे ताकद वाढवून वेग वाढवायचा हा सौदा घाट्याचा. जमिनीवर तगडा असलेला गडी पाण्यात बारीक पोरीच्या मागं पडतो तो याचमुळं. तिचं अंग पाण्याला कमी आडवं येतं, एवढंच.

श्वास: घेण्याआधी सोडायला शिका

गुजरीतले एक सराफ काका माझ्याकडं येतात. साठीच्या जवळचे, लहानपणापासून विहिरीत पोहलेले, खांदे अजून दणकट. पहिल्या दिवशी त्यांनी एक लांबी मारली आणि टोकाला जाऊन पाईप धरून असे धापा टाकायला लागले की शेजारच्या लेनमधली मुलं थांबून बघायला लागली. मी त्यांना उथळ बाजूला उभं केलं आणि म्हटलं, काका, तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा. त्यांनी तोंड घातलं. बुडबुडा एकही नाही. गाल फुगलेले, डोळे गॉगलमध्ये मोठे झालेले. वर आले तेव्हा आधी फुस्स करून हवा सोडली आणि मगच आत ओढली. "मॅडम, पाण्यात सोडून टाकला तर मग बुडणार नाय का मी?"

भीती खोटी नाही. भरलेली फुफ्फुसं तरंगवतात हे खरंच आहे. विहिरीत डोकं कायम वर असतं, तिथं श्वासाचा प्रश्नच येत नाही. पण तोंड पाण्यात घालून पोहताना हवा कोंडून ठेवली तर दोन गोष्टी होतात. एक, अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि "आता श्वास घे, आता घे" ही आतली बोंब त्यानंच उठते. ऑक्सिजन तेव्हा संपलेला नसतो. दोन, तोंड वर आल्यावर त्या इवल्याशा वेळात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायचं म्हणून घाई होते, मान जास्त वर येते, पाय खाली जातात. दम लागतो तो इथं.

म्हणून पहिला व्यायाम पाण्यात उभं राहूनच. काठाचा पाईप धरा, कमरेतून वाका, चेहरा पाण्यात. नाकातून सावकाश हवा सोडा. "हूं…" असा आवाज काढत सोडली तर धार तुटत नाही आणि नाकात पाणीही शिरत नाही. हवा संपत आली की मान खांद्याकडं वळवा, तोंडातून श्वास घ्या, परत चेहरा आत. नाकानं श्वास घेऊ नका, ठसका लागेल. असं सलग २० वेळा, न थांबता, न घाई करता. विसाव्या वेळेलाही धाप लागली नाही तरच पुढचं. लागली तर उद्या परत हेच. उभ्या उभ्या जमत नाही ते आडवं झाल्यावर जमेल अशी आशा ठेवू नका.

पोहताना हेच तंत्र: चेहरा पाण्यात शिरला की लगेच बुडबुडे सुरू, हळूहळू, आणि तोंड बाहेर यायच्या जरा आधी उरलेली हवा जोरात फुंकून टाकायची. वर आल्यावर फक्त घ्यायचं काम. छाती गच्च भरायची नाही, गप्पा मारताना जेवढा घेतो तेवढाच श्वास पुरतो.

काकांना हे बसायला बरेच दिवस लागले. मधे त्यांनी मला ऐकवलंही, "पैसे भरून बुडबुडे काढायला लावताय." मी म्हटलं, काका, सोन्याचा कस लावताना तुम्ही घाई करता का? हसले, आणि परत तोंड पाण्यात घातलं.

डोकं

विहिरीच्या शाळेतून आलेल्यांची ही सगळ्यात जुनी खोड. डोकं वर आणि प्रत्येक हाताला मान डावी-उजवी. नदीत ते बरोबरही होतं. समोरून काय येतंय, घाट कुठं राहिला, हे बघावं लागतं. तलावात समोर भिंतच आहे, ती कुठं जात नाही.

शरीर पाण्यात तरफेसारखं वागतं. तरंगवणारी हवा छातीत, वजनाचा मध्य त्याच्या खाली कमरेकडं. त्यामुळं पाय मुळातच बुडायला टपलेले असतात. त्यात डोकं उचललं की ते आणखी खाली जातात, आणि मग अख्खं अंग तिरकं होऊन पाण्याला छाती-पोट-मांड्या दाखवत पुढं सरकतं. ८०० पट दाट पाणी आहे, आठवण ठेवा.

नजर तळाकडं, किंचित पुढं. तळाला काळी पट्टी असेल तर ती बघा. मानेच्या मागच्या बाजूला घडी पडतेय असं वाटलं तर डोकं अजून वर आहे. श्वास घेताना डोकं उचलायचं नसतं, फिरवायचं असतं, तेही खांद्याबरोबर. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. "एवढ्यानं तोंड वर कसं येईल?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. येतं. डोकं पुढं सरकताना त्याच्यापुढं पाण्याची लहानशी लाट उठते आणि तिच्या मागं, गालाजवळ, खळगा पडतो. तिथं पाण्याची पातळी आजूबाजूपेक्षा खाली असते. श्वास त्या खळग्यातून घ्यायचा. गंमत अशी की डोकं जितकं वर कराल तितका तो खळगा नाहीसा होतो, म्हणजे श्वासासाठी आणखी वर यावं लागतं. खळगा दिसायचा नाही, तो गालाला कळतो, आणि ज्या दिवशी कळतो त्या दिवशी माणूस काठावर येऊन आपणहून सांगतो.

ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीची, तयारी करणाऱ्यांसाठी एक पुरवणी. कोल्हापुरात हे वेड आता चांगलंच पसरलंय. त्यातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला, पूर्ण आयर्नमॅनला, ३.८ किलोमीटर पोहायचं असतं, अर्ध्याला १.९, आणि तेही उघड्या पाण्यात, जिथं पट्टी नसते. तिथं मधूनमधून समोर बघावंच लागतं. तेव्हा फक्त डोळे पाण्याच्या वर काढा, तोंड नाही, आणि बघून झाल्यावर श्वास बाजूनंच घ्या. पण हे नंतर. आधी तलावात डोकं खाली ठेवायची सवय पक्की होऊ द्या.

डोकं जागेवर आलं का हे तपासायला भिंतीला पाय लावून सुटा. हात कानांच्या मागं, एकावर एक पंजे, पाय जुळलेले, एकही हात किंवा लाथ न मारता. जिथं थांबाल तिथं खूण लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा नजर पुढच्या भिंतीकडं ठेवून तेच करा. फरक डोळ्यांनी दिसेल, मला सांगत बसावं लागणार नाही.

या निसटण्याला लोक फार हलक्यात घेतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाईलच्या अंतिम फेरीत आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडे चौथा आला, कांस्यपदक ०.०१ सेकंदानं हुकलं. बावीस-साडेबावीस सेकंदांत ५० मीटर जाणाऱ्या माणसासाठी सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे पाण्यात दोन सेंटीमीटरच्या आसपास. बोटाचं पेरभर. त्या पातळीवर अंगाची रेघ किती सरळ ठेवली याला किती किंमत असते, ते यावरून समजा. आपल्याला पदक नको, पण धाप कमी लागायला नियम तोच लागू.

पाय: पैलवानांची आणि पळणाऱ्यांची गोष्ट

तालमीतले पैलवान अधूनमधून येतात, कुणाला गुडघ्याच्या दुखापतीनंतर डॉक्टरांनी पोहायला सांगितलेलं असतं. खांदे बघून वाटतं हा आता तलाव उपसून टाकणार. किकबोर्ड दिला की बिचारा जागच्या जागी पाणी उडवत राहतो. एक तर चक्क मागं सरकला. बाकीचे हसले, त्याचं तोंड उतरलं. खरं म्हणजे त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्याचे घोटे ताठ होते. पाऊल ताणलं जात नसेल, नव्वद अंशांत उभंच राहत असेल, तर प्रत्येक लाथ पाणी पुढं ढकलते. मॅरेथॉन पळणाऱ्यांचंही हेच. पळायला घोटा घट्ट लागतो, पोहायला सैल.

उपाय फुकट आहे: वज्रासन. टाचांवर बसायचं, पावलांचा वरचा भाग जमिनीला टेकवून. रोज जेवणानंतर तसंही बसायला आजी सांगतेच. गुडघा दुखत असेल तर खाली उशी घ्या, किंवा खुर्चीवर बसून पाऊल हातानं ताणा. काही आठवड्यांत लाथेत फरक पडतो.

लाथ कमरेतून निघते. गुडघा जरा सैल, पण सायकल मारल्यासारखा दुमडायचा नाही. अंगठे किंचित आत. टाच पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम फोडते, पाणी आभाळात उडवायची गरज नाही. जो जास्त फवारा उडवतो तो जास्त वेगात जातो असा समज असेल तर सोडून द्या. मांडीचे स्नायू अंगातल्या सगळ्यात मोठ्या स्नायूंपैकी, ते ऑक्सिजन खातातही तसेच. लांब पोहणाऱ्याला प्रत्येक दोन हातांमागं दोन लाथा पुरतात. सहा लाथांचा ताल कमी अंतराच्या शर्यतीवाल्यांचा. आपल्या लाथेचं मुख्य काम पाय वर ठेवणं. पुढं नेण्याचं बहुतेक काम हातच करतात.

पुल बॉयबद्दल माझं मत कडक आहे. मांड्यांच्या मधे तो फोम धरला की पाय आपोआप वर राहतात, माणसाला वाटतं सुधारलो. तो काढला की पाय परत होते तिथं. आठवड्यातून थोडा वेळ, हातांच्या सरावासाठी, ठीक. त्याच्यावर संसार मांडू नका.

अंग फिरवणं

फ्रीस्टाईल पोटावर पोहायची कला नाही. ती एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जायची कला आहे. लाटणं फिरतं तसं खांदा, छाती आणि कंबर एकत्र फिरली पाहिजेत. नुसता खांदा फिरवून कंबर सपाट ठेवणारे बरेच असतात, त्यांचं अंग मधेच मुरगळतं. फिरायचं किती? तीस ते पंचेचाळीस अंश. पूर्ण कुशीवर गेलात तर तोल जातो.

यासाठी जो व्यायाम मी सगळ्यांना देते तो कुशीवरच्या लाथांचा. भिंतीवरून सुटा, उजव्या कुशीवर या. उजवा हात पुढं ताणलेला, पाण्याखाली तळहाताएवढा खोल, वर नाही. डावा हात डाव्या मांडीवर ठेवलेला, डावा खांदा पाण्याबाहेर. नाक तळाकडं, बेंबी बाजूच्या भिंतीकडं कलती. अशा अवस्थेत लाथा मारत जा, बुडबुडे सोडत जा. श्वास हवा असेल तेव्हा डोकं आभाळाकडं फिरवा, घ्या, परत नाक तळाकडं. इथं सगळं उघडं पडतं. पुढचा हात खाली घसरला तर समजा त्याच्यावर भार टाकून तोंड वर काढताय. पाय बुडाले तर डोकं वर आहे. पुढं सरकतच नसाल तर घोटे. मला काठावरून काही बोलायची गरज पडत नाही, माणूस स्वतःच कळून थांबतो. पहिल्या आठवड्यात पायात फिन्स (रबरी पंख) घालून केलंत तरी चालेल, त्यात कमीपणा नाही.

जमायला लागलं की सहा लाथा एका कुशीवर, मग एक हात मारून दुसऱ्या कुशीवर, परत सहा लाथा. ही झाली फ्रीस्टाईलच, फक्त संथ केलेली.

डावी बाजू बहुतेकांची आंधळी असते. म्हणून सरावात दर तिसऱ्या हाताला श्वास घ्या, म्हणजे दोन्ही बाजू येतात. जोरात पोहताना दर दुसऱ्या हाताला घेतला तरी काही बिघडत नाही. मोठमोठे पोहणारेही एकाच बाजूनं घेतात. सराव दोन्हीचा असला की अंगाचा तोल एकाच बाजूला कलत नाही, एवढाच मुद्दा.

आता हात

इथवर आलात तर निम्मे दोष आपोआप गेलेले असतात. उरलेल्यांसाठी हे.

हात पाण्यात शिरतो तो खांद्याच्या सरळ रेषेत, डोक्याच्या पुढं. मधली रेघ ओलांडली की कंबर दुसऱ्या बाजूला फेकली जाते, आणि खांद्यालाही ते वाईट. ओलांडतोय हे स्वतःला कधीच कळत नाही. ज्यांना मी सांगते "हात बाहेर टाका", ते म्हणतात "आता तर पार शेजारच्या लेनमध्ये चाललाय." व्हिडिओ दाखवला की कळतं, आत्ता कुठं सरळ आलाय. घड्याळ डोळ्यांसमोर ठेवा, डावा हात अकरावर, उजवा एकवर.

बोटांची टोकं आधी, तळहात खाली. अंगठा आधी खुपसायची जुनी पद्धत अजून काही जण शिकवतात. त्यात दंड आतल्या बाजूला पिळला जातो आणि खांदा कुरकुरायला लागतो. आत शिरल्यावर हात पाण्याखालून पुढं ताणा.

मग येतो कळीचा भाग, पाणी धरणं. कोपर वर, पृष्ठभागाजवळ राहतं. बोटं तळाकडं वळतात, त्यांच्यामागं मनगट, त्यामागं कोपरापर्यंतचा हात उभा होतो. आता तळहात आणि तो उभा हात मिळून एक रुंद पातं झालं आणि त्याचं तोंड मागं आहे. ते मांडीपर्यंत मागं ढकलायचं. बहुतेकजण कोपर आधी खाली सोडतात. मग पातं पाण्यातून घसरतं, हात गेल्याचं समाधान मिळतं, अंग मात्र तिथंच.

हे शब्दांत समजत नाही, म्हणून मी खोल बाजूला नेते आणि शिडी न वापरता काठावरून वर चढायला लावते. हात काठावर टाकून अंग वर ओढताना कोपर आपोआप वर येतात. कोपर खाली ठेवून कुणालाही चढता येत नाही. दोन-तीन वेळा चढा, आणि लगेच पोहायला लागा. अंगात ती आठवण ताजी असते.

दुसरा व्यायाम मुठीचा. दोन्ही मुठी मिटून एक लांबी. पहिल्यांदा वाटतं काहीच धरलं जात नाही. हळूहळू कोपरापर्यंतचा हात कामाला लागतो, कारण तळहात उरलेलाच नाही. मग मूठ उघडा. पाणी एकदम जड लागतं, चांगल्या अर्थानं. बोटं घट्ट चिकटवू नका, त्यांच्यात जराशी फट असली तर नुकसान नाही, उलट हात सैल राहतो.

बाहेर येताना कोपर आधी, मनगट लोंबतं. पाण्याबाहेरचा हात म्हणजे विश्रांती. बोटांची टोकं पाण्यावर ओढत पुढं आणायचा व्यायाम यासाठी चांगला. एक हात पुढं पोचेपर्यंत दुसऱ्यानं वाट बघायचा व्यायामही चांगला, पण त्याची सवय लावून घेऊ नका, नाहीतर प्रत्येक हातानंतर अंग थांबतं आणि परत चालू करायला दुप्पट जोर लागतो.

आणि पोरांसाठी, जी "वीरधवलसारखं शिकवा" म्हणून येतात. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये तो ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाईल पोहला, आपल्या गावचा मुलगा, अभिमान असणारच. पण ५० मीटरच्या शर्यतीतले व्हिडिओ बघून त्याचा वेगवान ताल उचलू नका. तो ताल त्या ताकदीसाठी आणि त्या वीस-बावीस सेकंदांसाठी असतो. आपल्याला २० मिनिटं पोहायचंय. तळहाताला लावायची पॅडलही पहिले काही महिने बॅगेतच. चुकीच्या हाताला मोठं पातं लावलं तर चूक तेवढीच मोठी होते, आणि बिल खांद्याकडं येतं. खांदा पुढच्या बाजूला टोचायला लागला तर त्या दिवशी बाहेर या, लाथा मारा, पण हात बंद.

एक तास कसा घालवायचा

आठवड्यातून तीन दिवस पुरे. एकाच दिवशी दोन तास झुंजण्यापेक्षा ते बरं. पाऊण तास ते तास, साधारण ९०० ते १००० मीटर, त्यापेक्षा जास्तीची हाव नको. सुरुवातीला २०० मीटर आरामात, जमेल त्या पद्धतीनं. मग व्यायाम, २५ मीटरचे आठ: कुशीवरच्या लाथा, सहा लाथांची अदलाबदल, मुठी, जे काय त्या आठवड्याचं असेल ते. प्रत्येकानंतर श्वास जागेवर येईपर्यंत थांबा. दमलेल्या अंगानं केलेला व्यायाम म्हणजे चुकीचाच सराव. त्यानंतर मुख्य भाग, ५० मीटरचे आठ ते दहा, प्रत्येकात डोक्यात एकच गोष्ट. आज "बुडबुडे" तर बुडबुडेच. कोपर, घोटा, मान सगळं एकदम आठवायला गेलात तर काहीच होत नाही. शेवटी १०० मीटर हळू.

आठवड्यातून एकदा मोजणी करा. २५ मीटरला किती हात लागले आणि किती सेकंद लागले, दोन्हीची बेरीज. नुसते हात मोजले तर माणूस फसवतो, एकेक हात मारून घसरत राहतो आणि आकडा कमी करतो. नुसते सेकंद मोजले तर झटापट करतो. बेरीज कमी झाली तर खरी सुधारणा. दुसऱ्याच्या बेरजेशी तुलना करू नका, सहा फुटी माणसाचा आकडा तुमच्यापेक्षा कमी असणारच.

पोटाचं म्हणाल तर पोहायच्या आधी मिसळ नको. गंगावेशचा दूध कट्टा आणि कटाचा रस्सा दोन्ही नंतर, आणि मी स्वतःही थांबत नाही त्यात.

नदीवर सराव करू नका असं मी म्हणत नाही, उन्हाळ्यात घाटावर जाणकार सोबत असेल तर जा. पण पावसाळ्यात पंचगंगा वेगळीच असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे आकडे कोल्हापूरकराला पाठ असतात. मी मात्र इशाऱ्याची वाट बघत नाही, पाणी गढूळ झालं की माझा विद्यार्थी तलावातच. व्यायाम करताना नजर तळाकडं असते, ओंडका दिसत नाही.

कोच निवडताना एक बघा. तो तुम्हाला एका वेळी किती चुका सांगतो? काठावरून फिरत "हात जोरात, पाय जोरात" ओरडणारे सगळीकडं मिळतात. त्यांचे पाय भिजत नाहीत आणि तुमचंही काही सुधारत नाही. जो काही वेळ गप्प उभा राहून बघतो आणि मग एकच गोष्ट सांगतो, त्याची फी द्या.

कोच नसेल तर मोबाईल. तलावाच्या व्यवस्थापकाला आधी विचारा, आणि रिकाम्या लेनमध्ये घ्या, दुसऱ्यांची बायकापोरं चित्रात येता कामा नयेत. दोन व्हिडिओ पुरतात. एक बाजूनं, चालत चालत, त्यात बघायचं कंबर आणि टाचा पाण्याच्या किती खाली आहेत, आणि श्वास घेताना दोन्ही गॉगल बाहेर येतात का. दुसरा समोरून, टोकाला बसून, त्यात हात मधली रेघ ओलांडतो का ते. संथ करून बघा. सगळ्यात वरची चूक, म्हणजे या लेखातल्या क्रमात जी आधी येते ती, महिनाभर फक्त तिच्यावर काम. पुढचा व्हिडिओ महिन्यानं, त्याच लेनमध्ये, त्याच बाजूनं.